कुंपण ओलांडून धावलेला माणूस

तुमच्या जनाज्याला सलमाबादहून दोन बस भरून माणसं आली, इस्माईलभाई. कामाच्याच कपड्यांतली, नखांत ग्रीस असलेली. कुणी तासगावचा, कुणी खेडचा, काही केरळचे, दोघेतिघे नेपाळचे. इथे बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आपल्या गल्लीत बस शिरेना, तेव्हा सगळे कोपऱ्यावर उतरून चालत आले आणि बिल्डिंगखाली हात पुढे बांधून उभे राहिले. भाभींनी खिडकीतून पाहिलं आणि मला विचारलं, "मीनल, हे कुणाचे लोक? बाजूच्या बिल्डिंगीत पण कोण गेलं काय?"

मी म्हटलं, "भाभी, हे इस्माईलभाईंचेच. सिनेमाचे."

त्यांनी परत खाली वाकून पाहिलं. "जळला मेला तो सिनेमा," म्हणाल्या, आणि हसल्या. मग तोंडावर ओढणी धरून जे रडल्या ते संध्याकाळपर्यंत.

आपल्या महाराष्ट्र मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्याबद्दल जो मजकूर फिरला, त्यात सगळं बरोबर होतं. म्हसळ्याचं गाव, विमा कंपनीतली सर्व्हेअरची नोकरी, दोन्ही मुलं परदेशात, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ! तुम्ही? माझ्याशी एका गोष्टीवरून वर्षानुवर्षं भांडणारा माणूस मनमिळाऊ कसा? त्या मजकुरात सिनेमाचा शब्दही नव्हता. म्हणून मी लिहायला बसले.

तुम्ही आमच्या स्टुडिओत पहिल्यांदा आलात ते पेन ड्राइव्ह घेऊन. माझा नवरा दिलीप पासपोर्ट फोटो काढत होता, मी आत कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ कापत बसले होते. तुम्ही सरळ आत आलात. "गो बाय, तू मराठी ना? याच्यातली खरखर काढून दे. पण इंजिनाचा आवाज नको काढू. तोच तर ऐकायचाय."

मी फाइल लावली. काळापांढरा पडदा, चामड्याची टोपी आणि गॉगल घातलेला एक गोरा, मागे भरधाव रस्ता. "कुठला सिनेमा?" मी विचारलं.

"नाव घेऊन काय करतेस? सगळ्यांची गोष्ट एकच."

मग तुम्ही ती गोष्ट उभ्या उभ्या सांगितलीत. अमेरिकेत सिनेमा नुकता बोलायला लागला होता, तेव्हा छोट्या छोट्या कंपन्या मोटारींच्या शर्यतीचे सिनेमे झटपट काढायच्या. तासाभराचे. मोठ्या सिनेमाच्या आधी, त्याच तिकिटात दाखवायला. एक हिरो, गाडी चालवण्यात पटाईत. एक त्याचा भाऊ किंवा जिवलग दोस्त. एक मुलगी, जिच्या बापाने नवीन इंजिन बनवलेलं असतं. एक गुळगुळीत केसांचा बदमाश. मधे कुणीतरी ट्रॅकवर मरतो, हिरो घाबरून गाडी सोडतो, आणि शेवटच्या शर्यतीत परत स्टिअरिंग धरतो. "खलास," तुम्ही म्हणालात. "एवढंच. पण बघ."

मी बघितलं, आणि कामाची सवय म्हणून चुकाच दिसल्या. हिरोच्या गाडीचा नंबर दर शॉटला बदलत होता. एका शॉटमध्ये प्रेक्षक कोट घालून बसलेले, दुसऱ्यात घामाने निथळणारे. गाडी मुळात चालतच नव्हती. ती पडद्यासमोर उभी होती, मागे पडद्यावर रस्ता पळत होता आणि खालून कुणीतरी तिला गदागदा हलवत होतं. प्रेमाचं बोलायचं झालं की हिरो-हिरॉईन नेमके फुलदाणीजवळ येऊन उभे राहायचे. तुम्ही म्हणालात, माईक त्या फुलांत असणार.

"भिकार आहे हो हे," मी म्हटलं.

"भिकारच आहे," तुम्ही खूश होऊन म्हणालात, जणू मी स्तुती केली. "दिवसभर मी खऱ्या ठोकरी बघतो. कुणाचा बंपर गेला, कुणाची चेसिस वाकली, कुणाचं काय काय. संध्याकाळी घरी येऊन खोट्या बघतो. तेवढंच बरं वाटतं."

त्यानंतर शुक्रवार दुपार तुमची झाली. जेवण झालं की आम्ही तिघं तुमच्या घरी, भाभींच्या हातची सांदणं, आणि भिंतीवर माझा प्रोजेक्टर. आमची ईशा तेव्हा शाळेत होती, "अंकल, दॅट्स सो फेक!" म्हणून किंचाळायची आणि तुम्ही तिला दाद द्यायचात. पुढे तुमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याने सलमाबादच्या कामगार कॅम्पमधला मेसचा हॉल मिळवून दिला आणि आपला खेळ तिकडे हलला. पांढरी चादर, प्लास्टिकच्या खुर्च्या, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या मोटारी, आणि समोर आयुष्यभर मोटारी ठोकून-रंगवून हात काळे झालेली माणसं. त्या जुन्या इंग्रजीतलं त्यांना अक्षर कळेना. तुम्ही माईक हातात घेतलात.

"हा बघा आपला हिरो. टोपी चामड्याची, अक्कल पण चामड्याची. आता हा त्या बदमाशाला म्हणतो, तू माझ्या भावाला मारलंस. बदमाश म्हणतो, मफी मालूम!"

'मला काय ठाऊक'ची ती इथली अरबी-हिंदी ऐकून हॉल फुटायचा हसून. मराठीत एक वाक्य, हिंदीत एक, मधे एखादं तुमच्या गावाकडच्या बाणकोटी बोलीतलं, जे मलाही कळायचं नाही. गाडीचा नंबर बदलला की आता सगळे एका सुरात ओरडायचे. सखीरच्या ट्रॅकवर मोटारींची मोठी शर्यत आली की अख्खं बहरीन तिकडे लोटतं. आपल्या हॉलमध्ये त्या शुक्रवारीही खुर्च्या कमी पडल्या होत्या, आठवतं?

आता भांडणाकडे येते.

एका सिनेमाची खरखर काढताना मला एक शॉट वेगळा दिसला. बाकीच्या चित्राहून जास्त दाणेदार, कॅमेरा लांबवर उभा. वळणावर एक गाडी घसरते, कुंपणाला घासते आणि उलटते. तीनदा उलटते. त्यात कुणी हलवाहलवी केलेली नव्हती. मी तुम्हाला फोन लावला.

"खरी आहे ती," तुम्ही म्हणालात. "गाडी उलटवायची या कंपन्यांची ऐपत कुठली? खऱ्या शर्यतीची बातमीची फिल्म घ्यायचे आणि चिकटवायचे."

"म्हणजे आतला माणूस?"

"दोन माणसं. तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूला मेकॅनिक पण बसायचा."

"मी हे कापणार."

"नको कापू."

"इस्माईलभाई, लोक तिथे हसायला बसलेत. खरा माणूस मरतोय आणि पुढच्या सेकंदाला हिरो खोटा घाम पुसतोय. हे दाखवायचं नाही."

"त्या माणसांचं नावगाव कुणाला ठाऊक नाही, मीनल. कुठे पुरलं तेही नाही. एवढ्यातच ती उरलीत. ती पण तू कापणार?"

तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. भाभी कंटाळून स्वयंपाकघरात जायच्या. शेवटी आपण तह केला: एका शुक्रवारी तुमचा सिनेमा, अख्खा. पुढच्या वेळी माझा, कापलेला. हॉलमधल्या कुणालाही दोन्हींतला फरक कळला नाही याचा आपल्या दोघांनाही सारखाच राग आला. तुमच्या शुक्रवारी तो शॉट आला की तुम्ही माईक खाली ठेवायचात आणि हॉल आपोआप गप्प व्हायचा, हे मी मान्य करते. पण गप्प राहिलेला हॉल म्हणजे तुमची बाजू बरोबर, असं मी तेव्हाही मानलं नाही.

मी एवढी का पेटते, ते मी तुम्हाला गाडीत सांगितलं. सलमाबादहून परत येत होतो, मी चालवत होते, दिलीप मागे प्रोजेक्टर मांडीवर घेऊन झोपला होता. तुम्ही सहज म्हणालात, "तुला त्या शॉटची भीती वाटते काय गो?" आणि मी सांगून टाकलं. माझा धाकटा भाऊ सुजय. कऱ्हाडजवळ मोटरसायकलवरून जाताना ट्रकने उडवलं. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ते आलं, कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं आणि पाठवलं, त्याने पुढे पाठवलं. घरून फोन येण्याआधी ती क्लिप माझ्या फोनवर पोचली होती, इथे, बहरीनमध्ये. खाली लिहिलेलं, 'सांभाळून चालवा मित्रांनो.' मी शर्ट ओळखला. मीच घेऊन दिलेला. तो हवेत असतानाच मी फोन फेकला.

तुम्ही "अल्ला" म्हणालात.  गुदैबियात शिरलो, मी पार्किंग शोधत होते, तेव्हा तुम्ही विचारलंत, "मग पुढे?"

"पुढे काय? गेला तो."

"नाही, ते नाही. पडल्यानंतर. कोण आलं त्याच्याजवळ?"

मला इतका राग आला, इस्माईलभाई. मला वाटलं हा सर्व्हेअर आता माझ्या भावाचाही पंचनामा करणार. मी म्हटलं, "मला माहीत नाही आणि मला जाणून घ्यायचं नाही." तुम्ही उतरलात, दार हळू लावलंत.

पुढच्या आठवड्यात तुम्ही स्टुडिओत आलात. माझ्या बाजूची खुर्ची ओढलीत. "तो शॉट लाव. गाडी थांबली तिथून पुढे. आधीचं नको लावू. आणि सावकाश लाव."

मी लावला. धूळ. उलटी गाडी. आणि कुंपणाच्या मागे उभ्या गर्दीतून एक माणूस निघाला. चांगला सुटाबुटातला, डोक्याला पेंढ्याची टोपी. त्याने कुंपणाला हात टेकला आणि उडी मारली. टोपी पडली. बाकीच्या गाड्या अजून येतच होत्या, एक तर त्याच्या पाठीमागून सूं करून गेली. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही. नुसता धावत होता त्या गाडीकडे. आणि तो पोचायच्या आत पडद्यावर हिरोचं तोंड.

मी तो शॉट कितीदा तरी कापला होता आणि हा माणूस मला कधी दिसला नव्हता. मी आदळण्यावरच डोळे मिटायची.

"महागड्या सिनेमात हा उरला नसता," तुम्ही म्हणालात. "तिथे नेमकं कापतात. गाडी आदळली की कट. यांना घाई होती, शेपूट राहून गेलं. म्हणून मला हे भिकार सिनेमे आवडतात. आमच्या कामात पण तेच, गो. नवीन पोरं नुसती ठोकर बघतात. मी त्यांना सांगतो, ठोकर बसल्यावर काय झालं ते बघा. कोण थांबलं, कुणी दार उघडलं. माणूस तिथे कळतो."

मी डोळे पुसले आणि माझ्या मुद्द्यावर आले. "ठीक आहे. हा माणूस राहील. गाडी उलटलेली मी कापणार."

"अगो, गाडी उलटली नाही तर तो का धावतोय ते लोकांना कळणार कसं?"

 तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तुम्ही उठलात, दारात थांबलात आणि म्हणालात, "तुझ्या भावाकडे कोण धावलं, ते विचार कधीतरी. इंशाल्ला, कोणतरी धावलंच असेल."

मी विचारलं नाही. तुम्ही परत कधी तो विषय काढला नाहीत. भांडणातली तुमची ती एकच सभ्यता. आणि मग एका सकाळी चहाचा कप ओठांपाशी नेताना तुम्ही खुर्चीतच कलंडलात, आणि भाभींनी सगळ्यांच्या आधी मला हाक मारली, कारण तोवर आम्ही तुमच्या वरच्याच मजल्यावर राहायला आलो होतो.

तुम्हाला नेलं आणि त्या सगळ्या गॅरेजवाल्यांच्या बसेस परत गेल्या, त्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी कऱ्हाडला नितीनला, माझ्या चुलतभावाला, फोन केला. इकडचं-तिकडचं काही न बोलता विचारलं, "सुजय पडला तेव्हा त्याच्याजवळ कोण आलं होतं?"

तो म्हणाला, "ताई, तुला कुणी सांगितलं नाही? शेवंताकाकू. कणसं भाजून विकतात तिथं. क्लिपमध्ये त्या दिसत नाहीत, त्या येण्याआधीच कुणीतरी ती कापलीय. अजून तिथंच बसतात."

तो स्वतः तिथे गेला आणि त्यांच्या हातात फोन दिला. रस्त्याचा आवाज, हॉर्न, त्यातून एक खरखरीत बाई.

"व्हय बाई, मीच. मला कुठं पळाया येतंय ह्या वयात, पर पळाले. चप्पल तिकडंच ऱ्हायली."

मी विचारलं, "काही बोलला का तो?"

"न्हाई. बोलायला येईना त्याला. पर हात धरला माझा. असा गच्च. मी म्हनलं, लेकरा, मी हाय हितं. त्याचं डोकं मांडीव घेतलं. गाडी येईस्तवर त्यानं हात सोडला न्हाई आन मीबी न्हाई."

मी फोन छातीशी धरला. त्यांना वाटलं फोन कट झाला. त्या नितीनला म्हणाल्या, "आवाज गेला रं." मग मी ओरडून म्हटलं, "आहे, काकू, मी आहे."  मग त्यांचं गिऱ्हाईक आलं.

इतकी वर्षं मी माझ्या भावाला एकटा, हवेत ठेवला होता. तो हवेत नव्हता हो, इस्माईलभाई. तो एका बाईच्या मांडीवर होता. ती क्लिप मी अजून पूर्ण पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. त्याची गरज नाही, एवढं मला नक्की कळलंय. तुमचे उपकार मानायचे तर तुम्ही नाही, म्हणून भाभींना जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "सलमाबादला सिनेमा परत कधी करणार? यल्ला, चल, मी पण येते. बघू तरी काय एवढं असतं."

इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा आल्या. हॉलमध्ये शिरल्याबरोबर सगळे उठून उभे राहिले आणि त्या बावरून माझ्यामागे लपल्या. तासगावचा रमेश, डेंटिंगचं काम करतो तो, त्याने त्यांच्यासाठी पुढे खुर्ची पुसून ठेवली. माईक मी घेतला. तुमच्यासारखं बाणकोटी मला येत नाही, पण बदमाशाचा आवाज मी तुमच्यापेक्षा चांगला काढते, हे सर्वांनी मान्य केलं. नंबर बदलला तेव्हा सगळे ओरडले. भाभीही ओरडल्या, जरा उशिरा.

तो सिनेमा मी माझ्या पद्धतीने कापून आणला होता. वळण, घसरणारं चाक, आणि सरळ धूळ. धुळीतून कुंपण, कुंपणावरून उडी मारणारा माणूस. मी माईक खाली ठेवला, तुम्ही ठेवायचात तसा.

रमेश म्हणाला, "ताई, हा का पळतोय?"

अगदी तुमचाच प्रश्न. मी चित्र थांबवलं. तो माणूस ट्रॅकच्या मध्यावर, एक पाय हवेत. मी म्हटलं, "पुढे एक गाडी उलटलीय. आत दोन माणसं आहेत. सिनेमा खोटा आहे, पण ही गाडी खरी आहे, माणसं खरी आहेत. बाकीच्या गाड्या अजून येतायत आणि हा तरी धावतोय."

तेच मग हिंदीत सांगितलं.  आणि इस्माईलभाई, नीट ऐका: एकही माणूस म्हणाला नाही की उलटलेली गाडी दाखवा. सगळे त्या धावणाऱ्याकडे बघत होते.

रमेशनेच परत विचारलं, "पोचला का?"

सिनेमात ते नाही. तिथे कट आहे, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. भाभी माझ्याकडे बघत होत्या.

"पोचला," मी म्हणाले, आणि सिनेमा पुढे सुरू केला.

यावर तुमचं म्हणणं काय असेल ते मला ठाऊक आहे. न बघितलेल्या गोष्टीवर सर्व्हेअर सही करत नाही. नका करू. मी केली.